खेळांतील सोनें

आमच्या शाळेंतील वरच्या इयत्तांचे विद्यार्थी मधल्या सुटींत एकत्र जमले म्हणजे अलीकडे त्यांच्या तोंडीं लोखंड, कोळसा, कातडीं आणि धातूंच्या लगडी यांचे भाव ऐकूं येतात. अमक्याचा भाव काल चढला, तमक्याचा उतरला, कोणीं आठवड्यांत किती सोनें जमविलें, अशी ती चर्चा असते. नवख्या मनुष्यास वाटावें कीं, हीं सर्व गंज बाजारांतील व्यापाऱ्यांचीं मुलें असून घरच्या दुकानाचाच हिशेब करीत आहेत. वस्तुतः हें लोखंड कोणत्याही वखारींत नाहीं व हें सोनें कोणत्याही तिजोरींत नाहीं. इंटरनेटवरील खेळांच्या ज्या कल्पित सृष्टि आहेत, त्यांतील हा व्यापार होय. पालकांपैकीं पुष्कळांस या खेळांचें नांव तेवढें ठाऊक असतें; मुलांस खेळ ठाऊक असतो, पण त्यांतील देवघेवीचें मर्म फारसें ठाऊक नसतें. म्हणून या विषयाची थोडी फोड येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. खेळ चांगला कीं वाईट, हा वाद आम्ही प्रस्तुत बाजूस ठेवितों. खेळांतील सोनें म्हणजे काय, तें कोठून येतें, आणि तें मिळविणारा खरोखर काय देऊन तें मिळवितो, एवढेंच पाहावयाचें आहे.

असे खेळ अनेक आहेत. त्यांपैकीं रूनस्केप नांवाचा खेळ आम्ही उदाहरणादाखल घेतों. कारण त्यांतील धंदे आपल्याकडील गांवगाड्यांतील धंद्यांसारखे असल्यामुळें समजण्यास सोपे आहेत. हा खेळ इंग्लंडांत अँड्र्यू गोवर यानें आपल्या भावाच्या साहाय्यानें तयार केला, व तो ४ जानेवारी २००१ रोजीं लोकांस खुला झाला. पुढें त्याचें स्वरूप फार बदललें. तेव्हां जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून २००७ सालची त्याची प्रत २०१३ सालीं पुन्हां सुरू करण्यांत आली. तिला ‘ओल्ड स्कूल’ म्हणतात. नांवांत शाळा आहे. हजेरी मात्र विद्यार्थी आपण होऊन लावितात, आणि ती आमच्या हजेरीपेक्षां पुष्कळ नियमित असते! ऑक्टोबर २०१८ पासून हा खेळ मोबाइलवर खेळतां येऊं लागला, आणि ज्या घरीं संगणक नाहीं त्या घरींही त्याचा प्रवेश झाला.

खेळणारानें यांत एक पात्र घ्यावयाचें असतें. हें पात्र आरंभीं अगदीं निष्कांचन व अडाणी असतें. त्यास खाणकाम, लोहारकाम, मासेमारी, लांकूडतोड, स्वयंपाक, कातडीकाम इत्यादि वीसाहून अधिक कसबें शिकतां येतात. प्रत्येक कसबाच्या ९९ इयत्ता असतात. पात्रानें एखादें काम एकदां केलें कीं त्यास कांहीं गुण मिळतात व ते सांचत जाऊन इयत्ता वाढते. एकाच वेळीं हजारों माणसें जगाच्या निरनिराळ्या भागांतून या एकाच सृष्टींत वावरत असल्यामुळें एकानें खणलेलें लोखंड दुसरा विकत घेतो व तिसरा त्याचें चिलखत करितो. येथूनच बाजार उत्पन्न होतो.

धातुकामाचा पहिला पाठ मोठा गमतीचा आहे. तांब्याचें एक खनिज व कथिलाचें एक खनिज घेऊन भट्टीवर जावें, कीं त्यांची कांशाची एक लगड तयार होते. कांसें हें तांबें व कथील यांच्या मिश्रणानें होतें, ही गोष्ट खरी. आणि ती पुस्तकांतून पाठ न होणाऱ्या कित्येक मुलांस या खेळानें कायमची पाठ झालेली आम्हीं पाहिली आहे. परंतु समसमान प्रमाण ऐकून आमच्याकडील ओतारी हंसेल. थाळ्या, वाट्या व घंटा यांसाठीं जें कांसें ओततात त्यांत तांबें सुमारें चार भाग व कथील एक भाग असतें. त्याहून कथील वाढवीत गेल्यास धातु फार ठिसूळ होतो. पुढच्या इयत्तांत लोखंड येतें. लोखंड वितळवितांना निम्मा माल वायां जातो, असा खेळाचा नियम आहे. म्हणजे दोन खनिजें घातलीं तर सरासरीनें एकच लगड हातीं लागते. त्यानंतर पोलाद. त्यास लोखंडाचें एक खनिज व कोळशाचे दोन तुकडे लागतात. मिथ्रिल नांवाचा एक काल्पनिक धातु आहे, त्यास कोळशाचे चार तुकडे. आणि सर्वांत वरच्या धातूस आठ. जसजसा धातु चांगला तसतसा कोळसा अधिक, हें प्रमाण ज्यानें बसविलें त्यास व्यवहाराचें ज्ञान चांगलें असलें पाहिजे. कारण त्यामुळें कोळशासारख्या साध्या वस्तूस कायमचें गिऱ्हाईक मिळालें. शिवाय पात्राच्या झोळींत एका वेळीं अठ्ठावीसच नग मावतात. झोळी भरली कीं पेढीपर्यंत चालत जाऊन माल ठेवावा व पुन्हां खाणीवर यावें. या येरझाऱ्यांत जो काळ जातो, त्याचें महत्त्व पुढें दिसून येईल.

आतां हें सोनें येतें कोठून? या प्रश्नाचें उत्तर नीट समजावें म्हणून आम्ही वाचकांस क्षणभर खऱ्या सोन्याकडे नेतों. नगरसारख्या कोणत्याही जुन्या सराफ पेठेच्या आश्रयानें झारेकऱ्याचा धंदा पूर्वापार चालत आला आहे. सोनार कानस चालवितो, तार ओढतो, डाग देतो. त्या वेळीं सोन्याचे सूक्ष्म कण उडून जमिनीवर, बसण्याच्या तरटावर, भट्टीच्या राखेंत व फुटक्या मुशींच्या खापऱ्यांत जातात. झारेकरी हा सर्व केर विकत घेतो. प्रथम तो केर कुटून पाण्यानें धुतो. सोनें पाण्याच्या एकोणीसपट जड, माती व वाळू सुमारें अडीचपट. त्यामुळें पाणी हळूहळू फिरवीत ओतून दिलें कीं माती वाहून जाते व जड भाग तळाशीं राहतो. त्या तळवटांत पारा घालून मळला म्हणजे पारा सोन्याचे व रुप्याचे कण आपल्यांत ओढून घेतो. मग आंच देऊन पारा उडवावयाचा व राहिलेला गोळा गाळावयाचा. शेवटीं नत्राम्लांत रुपें व तांबें विरघळतें व सोनें तेवढें शिल्लक राहतें. पाऱ्याची वाफ पोटांत गेल्यानें या धंद्यांतील लोकांच्या प्रकृतीची अपरिमित हानि होते. त्या चिमूटभर सोन्यामागें किती श्रम व कोणतें भय आहे, हें दागिना घालणारास क्वचितच ठाऊक असतें.

या झारेकऱ्याविषयीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. एक तर त्यास सांपडलेला प्रत्येक कण पूर्वींच जगांत होता. तो त्यानें निर्माण केला नाहीं. दुसरें, केर संपला कीं त्याचें काम थांबतें. दहा झारेकऱ्यांस मिळून जें सोनें मिळावयाचें तें शंभर जण बसल्यानें दसपट होणार नाहीं. खेळांतील खाणीची रीत याच्या अगदीं उलट आहे. तेथें खडकांतून लोखंड काढलें कीं तो खडक क्षणभर काळवंडतो व थोड्याच सेकंदांत पुन्हां पूर्ववत् भरतो. खाण कधींच आटत नाहीं. नाण्यांचीही तीच कथा. राक्षस मारला कीं त्याच्याजवळ नाणीं पडतात. तीं कोणाच्या खिशांतून आलेलीं नसतात, त्याच क्षणीं जन्मास येतात. शिवाय एक मंत्र असा आहे कीं, तो म्हटला असतां हातांतील चिलखत अथवा धनुष्य नाहींसें होऊन त्याच्या ठरीव मोलाच्या शेंकडा साठ इतकीं नाणीं मिळतात. आमचे विद्यार्थी यास किमया म्हणतात. शब्द बरोबर आहे. लोखंडाचें सोनें करण्याचा जो नाद मध्ययुगीन किमयागारांस होता, तो येथें एका बोटाच्या स्पर्शानें पुरा होतो.

मग जेथें खाण आटत नाहीं व नाणें आपोआप निपजतें, तेथें कोणत्याही वस्तूस किंमत यावीच कां? येथेंच सगळी मेख आहे. त्या सृष्टींत लोखंड दुर्मिळ नाहीं, कोळसा दुर्मिळ नाहीं, सोनेंही दुर्मिळ नाहीं. दुर्मिळ आहे ती एकच वस्तु, आणि ती खेळांतील नसून खेळणाराच्या घरची आहे: त्याचा वेळ. एका तासांत खडकावर जितके घाव पडतील तितकेच पडणार. म्हणून त्या बाजारांतील प्रत्येक भाव हा वस्तुतः तासांचा भाव असतो. ज्या वस्तूस मिळविण्यास दुप्पट वेळ लागतो ती, मागणी सारखी असल्यास, सुमारें दुप्पट भावानें विकते. अनुभवी खेळाडू हें पुरतेपणीं ओळखतात व प्रत्येक उद्योगाचा विचार ‘ताशी इतकीं नाणीं’ याच मापानें करितात.

परंतु नवशिके खेळाडू येथें एक ठराविक चूक करितात, आणि ती इतकी स्वाभाविक आहे कीं तिजवर थोडें थांबणें अवश्य आहे. समजा, लोखंडाच्या खनिजाचा भाव १०० नाणीं, कोळशाच्या तुकड्याचा १५० आणि पोलादाच्या लगडीचा ३५० आहे. एक मुलगा म्हणतो, “खनिज मीं स्वतः खणलें, कोळसा मीं स्वतः खणला, माझा खर्च कांहीं नाहीं, म्हणून लगडीमागें मला ३५० नाण्यांचा निव्वळ नफा झाला.” हें त्याचें म्हणणें बरोबर आहे काय? त्यानें तेंच एक खनिज व तेच दोन कोळसे तसेच विकले असते, तर १०० व ३०० मिळून ४०० नाणीं त्यास मिळालीं असतीं. भट्टीवर जाऊन, वेळ खर्चून, त्यानें ४०० चा माल ३५० चा केला. त्यास नफा न होतां प्रत्येक लगडीमागें ५० नाण्यांचें नुकसान झालें, आणि तें त्याच्या लक्षांतही आलें नाहीं. कारण स्वतः मिळविलेला माल तो फुकटचा समजत होता.

हीच चूक आपल्या जिल्ह्यांत घरोघर चालते. पारनेर किंवा राहुरीकडील एखाद्या शेतकऱ्यास कांद्याचा खर्च विचारा. तो खत, औषध, गाडीभाडें व हमाली सांगेल. बियाणें? “घरचें.” लागवडीस माणसें? “घरचींच होतीं.” निंदणी, काढणी, राखण? “तें काय, आपलेंच.” जणूं काय घरचें बियाणें बाजारांत विकतां आलें नसतें, आणि घरच्या बाईनें दुसऱ्याच्या शेतावर जाऊन मजुरी आणिली नसती! मग घोडेगांवच्या अथवा नेप्तीच्या लिलावांत कांद्यास हलका भाव मिळाला, तरी खर्चाची रक्कम निघाली म्हणून तो समाधान मानितो. आणि घरच्या चार माणसांचे चार महिने जमेसही धरले गेले नाहींत व खर्चासही धरले गेले नाहींत. शेतकऱ्यास निदान दुसरा मार्ग पुष्कळदां नसतो. खेळांतील मुलास मात्र, खनिज विकावें कीं लगड विकावी, हें एका मिनिटांत पाहतां येतें. अर्थशास्त्रांतील एक अवघड कल्पना, म्हणजे एक मार्ग धरल्यानें दुसऱ्या मार्गाची जी प्राप्ति सोडावी लागते तोच पहिल्या मार्गाचा खरा खर्च, ही या खेळांत जितकी लवकर समजते तितकी आमच्या फळ्यावरील आकृत्यांनीं समजत नाहीं. हें आम्ही शिक्षक असूनही कबूल करितों.

आतां कोणी शंका घेईल कीं, लगडीचा भाव कच्च्या मालाहून कमी राहावाच कां? तोटा होत असतां भट्टीवर गर्दी कां? याचें उत्तर असें कीं, पुष्कळसे लोहार विक्रीसाठीं काम करीतच नाहींत. ते गुणांसाठीं करितात. लोहारकामांत ९९ व्या इयत्तेस पोंचण्यास १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि यांतील चमत्कार असा कीं ९२ व्या इयत्तेस आलेल्या खेळाडूचा मार्ग जेमतेम अर्धा झालेला असतो. शेवटच्या सात इयत्तांत पहिल्या एक्याण्णव पायऱ्यांइतकाच काळ जातो. इतकें काम करावयाचें तर माल अपार लागतो, व तयार झालेल्या वस्तूंचा ढीग पडतो. तो ढीग कसाही विकून मोकळें होण्याची घाई प्रत्येकास असते. म्हणून कच्चा माल महाग व पक्का माल स्वस्त, हा उलटा न्याय तेथें दिसतो. खऱ्या जगांतही उमेदवार कारागीर आरंभीं पत्रा बिघडवितोच. परंतु तांबटाच्या दुकानांत बिघडलेलें भांडें परत वितळवितात, व दुकानांत उमेदवार दोन आणि गिऱ्हाईक दोनशें असतात. जेथें सर्वच उमेदवार व गिऱ्हाईक कोणीच नाहीं, तेथें कसबाची किंमत उतरावी यांत नवल काय? यावरून एक व्यवहारी सूत्र निघतें: त्या सृष्टींत सोनें मिळवावयाचें असल्यास ज्या वस्तु इतर लोक शिकतांना जाळतात त्या पुरवाव्या; ज्या वस्तु ते शिकतांना बनवितात त्या बनवूं नयेत. स्वस्तांत घेऊन महाग विकणाऱ्या दलालांचा एक वर्गही तेथें आहे. त्याची रीत कोणत्याही पेठेंतील दलालासारखीच असल्यामुळें तिचें वर्णन येथें करीत नाहीं.

नाणें रोज नव्यानें जन्मास येतें, तर त्याचें पुढें काय होतें, हाही विचार झाला पाहिजे. सोळाव्या शतकांत अमेरिकेंतील रुपें जहाजें भरभरून स्पेनमध्यें आलें, तेव्हां युरोपांत सर्व वस्तूंचे भाव चढत गेले, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. खेळांतही तेंच होतें. सोनें वाढलें व माल तितकाच राहिला कीं नाण्याची किंमत उतरते. काल ज्या नाण्यांत तलवार येत होती त्यांत आज म्यानही येत नाहीं. म्हणून खेळाच्या चालकांस नाणीं नष्ट करण्याच्याही युक्ति योजाव्या लागतात. मोठ्या पेठेंत होणाऱ्या विक्रीवर डिसेंबर २०२१ मध्यें शेंकडा एक कर बसविण्यांत आला व २०२५ सालीं तो शेंकडा दोन झाला. हें कराचें सोनें कोणाच्या खजिन्यांत राहत नाहीं. कांहीं नाहींसें केलें जातें, व कांहींनीं बाजारांतील जुना माल विकत घेऊन तो माल नाहींसा केला जातो. आपल्या सरकारांस असा कर सुचूं नये, हीच इच्छा! गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीं आणखी एक गंमत सांगतों. एका ढिगांत जास्तींत जास्त २,१४,७४,८३,६४७ इतकींच नाणीं राहूं शकतात. हा विचित्र आंकडा कोणीं लहरीनें ठरविलेला नाहीं. दोनाचा एकतिसावा घात घेऊन त्यांतून एक वजा करावा म्हणजे तो येतो. संगणक बत्तीस घरांच्या पाटीवर संख्या लिहितो व त्यांतील एक घर धन-ऋण चिन्हासाठीं राखतो, त्याचा हा परिणाम. आइसलँडांत तयार झालेल्या ईव्ह ऑनलाइन नांवाच्या दुसऱ्या एका खेळाच्या कंपनीनें तर २००७ सालीं एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञास पगारी नोकरीवर ठेविलें. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यास आरंभीं धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ लाभला याचें आपणांस कौतुक वाटतें. परंतु जेथें ऊंसही नाहीं व साखरही नाहीं, अशा कारखान्यासही तसाच मनुष्य लागावा, ही या काळाची नवलाई होय.

येथवर सर्व व्यवहार खेळाच्या कुंपणाआंत होता. तो कुंपणाबाहेर पडला म्हणजे काय होतें, तें आतां पाहूं. एव्हरक्वेस्ट नांवाच्या खेळाचा अभ्यास करून एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन प्राध्यापकानें २००१ सालीं असा हिशेब मांडला कीं, त्या खेळांतील वस्तु खऱ्या पैशांनीं ज्या भावानें विकल्या जातात त्यावरून पाहतां खेळाडूची कमाई ताशी सुमारें साडेतीन डॉलर पडते, आणि त्या कल्पित देशाचें दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया यांच्या मध्यें बसतें. विद्वानांस हा विनोद वाटला. पण ज्यांस पोट भरावयाचें होतें त्यांस तो विनोद वाटला नाहीं. चीनमध्यें एका खोलींत पांचपन्नास तरुण बसवून त्यांजकडून पाळीपाळीनें रात्रंदिवस खेळांतील सोनें खणून घेण्याचे कारखाने निघाले. मँचेस्टर विद्यापीठांतील रिचर्ड हीक्स यांनीं २००८ सालीं जगांतील अशा मजुरांची संख्या अदमासें चार लक्ष धरिली. त्यांतील बहुतेक चिनी होते. त्यांनीं खणलेलें सोनें श्रीमंत देशांतील, वेळ नसलेले खेळाडू विकत घेत. म्हणजे एकाचा वेळ स्वस्त, दुसऱ्याचा महाग. आणि मधला दलाल सुखी.

याहूनही विचार करावयास लावणारी हकीकत व्हेनेझुएला देशाची आहे. २०१७ च्या सुमारास तेथील चलनाची किंमत इतकी कोसळली कीं, खेळांतील नाणें देशाच्या नाण्याहून अधिक भरंवशाचें ठरलें. तेथील अनेक तरुण रूनस्केपमध्यें हिरव्या ड्रॅगनांची शिकार करूं लागले. त्यांचीं कातडीं व हाडें पेठेंत विकावयाचीं, आलेलें सोनें परदेशी खेळाडूंस डॉलरांनीं विकावयाचें, व त्यांतून घरीं पीठ व औषध आणावयाचें. हे ड्रॅगन ज्या रानांत राहतात तेथें एक खेळाडू दुसऱ्यास मारूं शकतो. दुसऱ्या देशांतील कांहीं खेळाडूंनीं या शिकाऱ्यांस हुडकून मारण्याचा छंदच धरिला, आणि तो कसा करावा याची माहितीही एकानें लिहून प्रसिद्ध केली. एकाचा तो खेळ होता व दुसऱ्याची ती भाकर होती; पडद्यावर दोन्ही पात्रें सारखींच दिसत होतीं.

चालकांनीं या विक्रीस प्रतिबंध करण्याचे यत्न केले, ते सर्व सफल झाले नाहींत. सोनें विकणारे लोक चोरलेल्या बँक-कार्डांवर खातीं उघडीत, असें आढळून आल्यावरून रूनस्केपच्या चालकांनीं २००७ च्या अखेरीपासून खेळाडूंमधील मोकळी देवघेव जवळ जवळ बंद केली. त्याबरोबर प्रामाणिक खेळाडूंसही मित्रास भेट देतां येईना. फार ओरड झाली, व १ फेब्रुवारी २०११ रोजीं ही बंदी उठविण्यांत आली. दुसऱ्या बाजूनें डायब्लो या खेळाच्या तिसऱ्या भागांत २०१२ सालीं कंपनीनें स्वतःच खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडून पाहिला. परिणाम असा झाला कीं, लोक शिकार सोडून बाजारांतच बसूं लागले. खेळांतील गोडी गेली, व १८ मार्च २०१४ रोजीं कंपनीस तो बाजार बंद करावा लागला.

आमच्या माहितींतील एका विद्यार्थ्याची गोष्ट येथें सांगणें योग्य होईल. दिवाळीपासून तो रोज रात्रीं सुमारें तीन तास एका खेळांत सोनें जमवीत होता. शंभर दिवसांनीं त्यास एका अनोळखी इसमानें निरोप धाडिला कीं, तुझें सर्व सोनें मी २,४०० रुपयांस घेतों. आधीं खेळांत सोनें दे, मग पैसे पाठवितों. मुलानें सोनें दिलें. तो इसम पुन्हां दिसला नाहीं. तक्रार कोठें करणार? खऱ्या पैशांनीं सोनें विकणें हेंच खेळाच्या नियमांविरुद्ध असल्यामुळें तक्रार केल्यास स्वतःचेंच खातें बंद होण्याचें भय. मुलगा आमच्याकडे आला तेव्हां आम्हीं त्यास रागें न भरतां पाटीवर हिशेब मांडावयास सांगितलें. तीन तास शंभर दिवस, म्हणजे तीनशें तास. दोन हजार चारशें रुपये जरी प्रामाणिकपणें हातीं आले असते तरी ताशी आठ रुपये. रात्रभराचे चोवीस. त्याची आई दुसऱ्याच्या मळ्यांत कांदा काढावयास जात असे. तो बराच वेळ त्या आंकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “पण सर, खेळतांना मजा आली होती, ती कोठें धरावयाची?” प्रश्न अगदीं रास्त होता. आम्हीं त्यास सांगितलें, “बाळ, ती मजा हीच तुझी त्या तीनशें तासांची मजुरी. ती तुला रोजच्या रोज चुकती मिळाली होती. वरचे चोवीसशें मागावयास गेलास तेव्हां फसलास.” ती मजुरी तीनशें तासांस पुरेशी होती कीं नाहीं, हें त्यानें स्वतः ठरवावें म्हणून आम्ही तेथेंच थांबलों.

पालकांच्या माहितीसाठीं कायद्याविषयीं दोन शब्द लिहितों. ऑनलाइन खेळांचें संवर्धन व नियमन करणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें मंजूर केला व २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. पैसे भरून, अधिक पैसे जिंकण्याच्या आशेनें खेळावयाचे खेळ पुरविण्यास त्यानें मनाई केली आहे. ते चालविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. केवळ करमणुकीचे व शिक्षणाचे खेळ यांस तो मनाई करीत नाहीं. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, पणास लाविलेली वस्तु म्हणजे केवळ रोख रक्कम असें त्या कायद्यानें मानलेलें नाहीं. पैसे देऊन घेतलेलीं खेळांतील नाणीं व टोकनें हींही त्यांत धरलीं आहेत. तेव्हां मुलाच्या खेळांत नाणीं आहेत एवढ्यावरून घाबरण्याचें कारण नाहीं. तीं नाणीं घामानें मिळालीं, कीं वडिलांच्या बँकखात्यांतून विकत घेतलीं, आणि विकत घेतलीं असल्यास पुढें तीं पणास लागतात काय, एवढें विचारावें. मोबाइलमध्यें बँक-कार्डाचा आंकडा कायमचा साठवून ठेविला असल्यास तो काढून टाकावा.

विद्यार्थ्यांसाठीं शेवटीं एक उदाहरण देतों; तें पाटीवरच सोडवावें, मोबाइलवर नव्हे. समजा, मिथ्रिलच्या खनिजाचा भाव १६० नाणीं, कोळशाचा १५० व मिथ्रिलच्या लगडीचा ७८० आहे. एका लगडीस एक खनिज व चार कोळसे लागतात. प्रत्येक नगाच्या विक्रीवर शेंकडा दोन कर आहे, व करांतील अपूर्णांक सोडून देण्यांत येतो. झोळींत अठ्ठावीस नग मावतात. पेढीपासून भट्टीपर्यंत जाऊन, ओतून, परत येण्यास एक मिनिट लागतें. आणि तेवढ्याच वेळांत खाणीवर उभें राहिल्यास कोळशाचा एक तुकडा मिळतो. ज्या खेळाडूजवळ खनिज व कोळसा भरपूर सांठलेला आहे, आणि ज्यास गुणांची गरज नसून सोनेंच हवें आहे, त्यानें लगडी ओताव्या कीं माल तसाच विकून खाणीवर उभें राहावें?